अध्यक्षांसाठी खळ

कागदाला कागद कशाने चिकटवावा, या एका प्रश्नावर मी जन्मभर पगार घेतला. मालवणजवळ खाडीच्या काठाला आमची शाळा आहे. तिथे मी कार्यानुभव शिकवत असे. कार्यानुभव हा वेळापत्रकातला असा तास, की गणित मागे पडलं तर तो गणिताला द्यायचा, इंग्रजी मागे पडलं तर इंग्रजीला, आणि पाहुणे येणार असले तर खुर्च्या मांडायला. त्यातून जे तास उरत, त्यांत मी मुलांकडून कोलाज करून घेई. रंग विकत आणावे लागतात, कागद मात्र सगळ्यांच्या घरी असतो. लग्नपत्रिका, जुनी कॅलेंडरं, साड्यांच्या खोक्यांवरची चित्रं. ते फाडायचे, जुळवायचे, चिकटवायचे. यातली पहिली दोन कामं मुलांना जन्मतःच येतात. तिसऱ्यासाठी शाळेने मला नेमलं होतं.

लोकांना वाटतं, चिकट ते सगळं सारखंच. तसं नसतं. पतंगाच्या कागदाला ओला डिंक लावला तर कागदाचा रंग सुटून बोटं जांभळी होतात आणि चित्र पांढरं राहतं. गुळगुळीत कागदावर पाण्यातलं काही लवकर धरत नाही. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन झटकन धरतं, पण वर्षभरात त्याचा पिवळा डाग कागदाच्या पोटातून वर येतो. आमच्याकडे शिवाय दमट हवा असते. पावसाळ्यात ती चिकटवलेलं सोडवते आणि गठ्ठ्याने ठेवलेले कोरे कागद एकमेकांना चिकटवते.

मुलं स्वतःच्या अकलेने घरून काय काय आणत. भोकराचा गर, काजूच्या झाडाचा डिंक, उरलेला भात. एका वर्षी घाटाच्या बाजूच्या गावातल्या मुलांनी फणसाचा चीक आणला आणि त्यावर कागदाचे कपटे बसवून भलामोठा मोर केला. मोर अप्रतिम होता. फक्त चीक सुकत नव्हता. त्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले. त्यांनी कौतुकाने मोराच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात तिथेच राहिला. साहेबांचा हात खोबरेल तेलाने सोडवेपर्यंत मुख्याध्यापक सावंत सर त्यांना शाळेचा इतिहास सांगत होते. शेरेबुकात साहेबांनी 'उपक्रम स्तुत्य' असं डाव्या हाताने लिहिलं.

चवथीच्या आधी गावातले लोकही विचारायला येत. मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांनी मखराला लावलेली कागदी फुलं आरतीच्या वेळी समईच्या उष्णतेने एकेक करून खाली पडू लागली. घरच्यांना वाटलं, देव कौल देतोय, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. ते हात जोडून उजवी-डावी मोजत बसले. दुसऱ्या दिवशी मला विचारायला आले ते फुलं कशाने लावावीत हे नव्हे, तर उजवीकडची जास्त पडली याचा अर्थ काय.

मला स्वतःला यातलं जे काही कळलं, ते श्रीधरकडून. श्रीधर म्हणजे माझा नवरा. तो गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल होता आणि फाटकी पुस्तकं घरी आणून दुरुस्त करायचा. त्यासाठी तो खळ शिजवायचा. मैदा थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवायची. शेवटी चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं आणि कसर तिच्या वाटेला जात नाहीत. बाजारातल्या पांढऱ्या गोंदाला तो घरात घेत नसे. त्याचं म्हणणं, तो गोंद एकदा धरला की धरला. पुढे सोडवायचा तर कागदच फाटतो. खळ पाण्याने सुटते. "आपल्यापेक्षा चांगला दुरुस्त करणारा उद्या येईल," तो म्हणायचा, "त्याची वाट आपण कशाला बंद करायची?" खळीच्या भांड्यात बघत बोलायचा, त्यामुळे हे मला सांगतोय की खळीला, ते कळत नसे.

गेल्या वर्षी आषाढात श्रीधर गेला. त्याच्यामागे एक खोलीभर दिवाळी अंक राहिले. काही विकत घेतलेले, बरेचसे वाचनालयाने रद्दीत काढलेले, मागच्या दाराने आमच्याकडे आलेले. त्याने ते सालवार लावले होते. मी त्या खोलीत जाऊन बसे. वाचत नसे. कण्यांवरून हात फिरवला तर कुठल्या अंकाला त्याने खळ लावलीय, ते बोटांना समजत असे. तेवढं त्या दिवसांत पुरे होतं.

मार्गशीर्षात एकदा मी डोळे तपासायला कुडाळला गेले. संध्याकाळी परत आले तर खोलीचं दार उघडं, आणि सगळे अंक जागच्या जागी, पण सोललेले. एकाच्याही अंगावर मुखपृष्ठ नव्हतं. माझे धाकटे दीर प्रकाश शेजारच्या खणात राहतात. ते अंगणातच उभे होते.

"वयनी, रागाव नको हां," ते म्हणाले. "दादाच्या अंकांची कव्हरां शाळेत नेलंय. अण्णांची पंच्याहत्तरी आसा मां? हॉलात तेंचो कागदाचो फोटो लावचो, असा कमिटीन ठरवल्यानी. दारापेक्षा मोठो. इतको रंगीत कागद खंय मिळतलो? आतल्या पानांक मी हात लावूक नाय. वाचूची ती तशीच आसत."

"माका इचारूचा तरी."

"तू कुडाळाक गेल्लीस. आणि इचारला आसता तर काय म्हणतलीस?"

"नको म्हणान."

"मगे? म्हणानच नाय इचारूक."

प्रकाशभाऊजींच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला लिहायलाच हवं. भावाचं काहीतरी गावाच्या भिंतीवर लागावं, असं त्यांना खरंच वाटत होतं. ते कमिटीचे चिटणीस होते, आणि चिटणिसाकडून काहीतरी ठोस अपेक्षित असतं. अण्णा म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. त्यांना चित्राची कल्पना इतकी आवडली होती, की आता कव्हरं परत मागणं म्हणजे थेट त्यांच्या पंच्याहत्तरीवर घाव घालण्यासारखं होतं. आणि मला त्या दिवसांत मोठ्याने बोलायची शक्ती नव्हती. लोक समाचाराला येऊन मोठ्याने बोलून जात, तेवढंच घरात पुरत असे.

पण चित्र करणार कोण? निवृत्त झालेली कार्यानुभवाची बाई. तसं आमंत्रण घेऊन सावंत सर दुसऱ्याच दिवशी घरी आले. "बाई, तुमचं मनही रमेल," ते म्हणाले. मी हो म्हटलं. कव्हरं माझ्या हातात येणार होती. ती कापली जाऊ नयेत आणि पुढे कधीतरी अख्खी परत निघावीत, एवढंच मला हवं होतं. त्यातला दुसरा भाग पूर्णपणे गोंदावर अवलंबून होता.

गोंदासाठी कमिटीची सभा झाली. मुख्याध्यापकांच्या खोलीत बटाटेवडे आले, आणि अण्णा कचेरीतल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "बाई, माझी अपेक्षा एकच. हे शंभर वर्षं टिकलं पाहिजे."

सावंत सर म्हणाले, "सर, प्लायवूडला लावतात तो पांढरा गोंद घेऊ. मांडवातलं फर्निचर त्याच्यावरच उभं असतं."

 त्या गोंदाने कव्हरं चित्राच्या फळीवर बसली असती, तर फळी मोडल्याशिवाय निघाली नसती. मी सावकाश म्हटलं, "टिकेल. पण पातळ कागदावर तो फुगतो आणि तसाच सुकतो. सुरकुत्या पडतात."

"कशावर?" अण्णांनी विचारलं.

"चेहऱ्यावर."

अण्णांनी हातातला वडा खाली ठेवला. पांढरा गोंद रद्द झाला.

प्रकाशभाऊजींनी सरस सुचवला. पूर्वीचे सुतार वापरत तो, तापवून लावायचा. "सरस हाडांचो आसता," आमच्या देवळातले गुरव दिगूकाका म्हणाले. दिगूकाका कमिटीवर धार्मिक बाजू सांभाळत. "अण्णा सोमवार पाळतत. सोमवारी तेंचा तोंड हाडांवर कसा रवतला?" सरस रद्द झाला. फणसाच्या चिकाचं नाव कुणीतरी घेतलं, पण साहेबांचा हात सगळ्यांना आठवला आणि त्याची नोंद न करण्याचं ठरलं.

मग मी खळीचं नाव काढलं. तिचे गुण सांगितले. सगळे खरे होते. ती सुकताना कागद ताणून घेते, त्यामुळे चेहरा गुळगुळीत राहतो. देवळातल्या जुन्या पोथ्यांचे पुठ्ठे खळीनेच बसवलेले आहेत आणि अजून टिकून आहेत. घरगुती आहे, नैसर्गिक आहे, आपल्या परंपरेतली आहे. शेवटच्या तीन गुणांना सावंत सरांनी मान डोलावली, कारण अहवालात ते तसेच्या तसे घालता येणार होते. ती पाण्याने सुटते, हे मी सांगितलं नाही. ते कुणी विचारलं नाही.

आता सगळं जमलं, असं मला वाटत होतं, तोच दिगूकाकांनी चष्मा काढला.

"बाईनू, खळ म्हणजे शिजयलेला पीठ ना?"

"हो."

"पाण्यात शिजयलेला?"

"हो."

"म्हणजे खरकटा." ते सगळ्यांकडे वळले. "त्या हॉलात शारदेची पूजा होता. तिच्या डोक्यार खरकट्यात माखलेलो अध्यक्ष टांगतलास?"

 ज्यांना हे कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते: आमच्याकडे पाण्यात शिजवलेलं अन्न ते खरकटं, त्याचा हात देवाच्या वस्तूला लागत नाही. दुधात शिजवलेलं किंवा तळलेलं मात्र चालतं. त्यामुळे समोरच्या वड्यांना कुणाचाच आक्षेप नव्हता.

"मग तळून घ्यायची का?" सावंत सरांनी विचारलं. ते गंभीरपणे विचारत होते.

"दुदात शिजवा," दिगूकाका म्हणाले. "नायतर नारळाच्या रसात. सोवळ्यात चलता."

अण्णांना नारळाचा रस पटला. आपल्या मातीतला आहे, म्हणाले. ठराव लिहायला प्रकाशभाऊजींनी पेन उघडलं. मी डोळ्यांसमोर ती कव्हरं पाहिली, नारळाच्या तेलाने आरपार झालेली, मुखपृष्ठावरची बाई मागच्या जाहिरातीतून दिसणारी. दुधाचंही काही बरं नव्हतं. ते आंबलं असतं, मुंग्या आल्या असत्या आणि पाठोपाठ शाळेची मांजरं.

"काका," मी म्हटलं, "खळ पाण्यातच करते. उतरवली की तुम्ही तुमच्या हाताने तिच्यात दुधाचा थेंब घाला आणि मंत्र म्हणा. मग ती दुधाची झाली की नाही?"

दिगूकाका विचारात पडले. थेंबाने होतं की नाही, यावर शास्त्र काय सांगतं ते कुणालाच माहीत नव्हतं. पण आपल्या हाताने आणि आपल्या मंत्राने होतं, हे त्यांना नाकारता येईना. "चमचोभर तरी होया," ते म्हणाले. अर्ध्या चमच्यावर तडजोड झाली.

चित्र माझ्या घरच्या पडवीत केलं. कापायचं नाही हे मी आधीच जाहीर केलं आणि त्याला एक नाव दिलं: कौलारू पद्धत. कौलं जशी एकावर एक चढवतात, तशी अख्खी कव्हरं एकमेकांवर थोडी थोडी सरकवून बसवायची. गडद कव्हरं केसांना आणि मिशीला, केशरी-गुलाबी कातडीला. नाव दिल्यावर कुणी वाद घालत नाही, हा मला नोकरीत आलेला अनुभव आहे. श्रीधरच्या पितळी भांड्यात मी खळ शिजवली. दिगूकाकांनी मंत्रासह दूध घातलं. मोरचूद मी ते गेल्यावर घातलं.

फक्त डोळ्यांचा प्रश्न राहिला. अण्णांचा निरोप आला, डोळे जिवंत हवेत. मी दोन काळी कव्हरं दुमडून बसवली होती. ती झोपलेली दिसत होती. मी आत चहा टाकायला गेले तेवढ्यात काम बघायला आलेल्या सावंत सरांनी खिशातून कात्री काढली आणि एका निळ्या कव्हरातून दोन गोल कापले. मी बाहेर आले तेव्हा गोल जागेवर बसलेही होते.

"आत्ता बघा, बाई! बघताहेत की नाही?"

बघत होते. ते निळं कव्हर आमचं लग्न झालं त्या वर्षीच्या अंकाचं होतं. श्रीधरने सासुरवाडीच्या पहिल्या दिवाळीला बरोबर आणलेला अंक. जेवणं होईपर्यंत तो ओसरीवर बसून तोच वाचत होता आणि माझ्या वडिलांना जावई मुका वाटला होता. मी सरांना चहा दिला. उरलेलं कव्हर, दोन भोकांचं, अण्णांच्या कानाखाली लावून टाकलं.

समारंभ थाटात झाला. पडदा दूर झाला आणि दुरून ते हुबेहूब अण्णा होते. जवळ गेलं की मात्र वेगळं दिसे. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर पणती घेतलेली बाई काढायची, असा बहुधा कायदाच असावा. त्यामुळे अण्णांच्या दोन्ही गालांवर, कपाळावर, हनुवटीवर पणत्या घेतलेल्या बायका दाटीने उभ्या होत्या. अण्णांच्या पत्नी चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्येंच्या तोंडार इतक्यो बायलो मी पैल्यांदाच बघतंय." माइक चालू होता.

भाषणांत श्रीधरचं नाव एकदा आलं, 'साहित्य पुरवणारे' म्हणून. प्रकाशभाऊजींनी टाळ्या सुरू केल्या आणि मग एकट्यानेच संपवल्या.

मी वाट बघत होते. मी शाळेत इतकी वर्षं काढली ती उगाच नाही. आमच्या कोठीत माजी अध्यक्षांच्या तसबिरी भिंतीकडे तोंड करून उभ्या आहेत. प्रत्येकाचा समारंभ मी पाहिला आहे, प्रत्येकाच्या वेळी खुर्च्या मांडायला माझा तास गेला आहे. खळ किती टिकते हे मला ठाऊक होतं आणि अध्यक्ष किती टिकतात हेही. दोन्हींत खळ जास्त भरवशाची.

वैशाखात संस्थेची निवडणूक झाली. अण्णा पडले, बापू निवडून आले. बापूंनी खुर्चीवर बसायच्या आधी भिंतीकडे पाहिलं. "ह्या उतरवा," एवढंच म्हणाले.

फळी शाळेच्या अंगणात आडवी टाकली. दिगूकाका हातोडी घेऊन आले होते. मी त्यांना थांबवलं, घमेल्यात कोमट पाणी आणि जुनं धोतर मागवलं. ओलं धोतर अण्णांच्या हनुवटीवर पसरून ठेवलं. थोड्या वेळाने कव्हराचा एक कोपरा नखाने उचलला. तो आला. मग पूर्ण बाई आली, पणतीसकट, कुठेही न फाटता. प्रकाशभाऊजी एकेक कव्हर माझ्याकडून घेत आणि दोरीवर पसरत. दुपारपर्यंत अण्णा मिशीपर्यंत विरघळले होते.

सावंत सर जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, हे शंभर वर्षं टिकणार होतं ना?"

"पाणी लागलं नाही तर."

तेवढ्यात बापू आले. दोरीवरची कव्हरं त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. "बरा केल्यात," ते म्हणाले. "सुकली काय पेटयेत भरा. माझो जरा मोठो करूया. कागद तर आसतच."

मी ओलं कव्हर हातात घेऊन उभी होते. काहीतरी बोलायला हवं होतं. बोलले ते प्रकाशभाऊजी.

"कागद शाळेचे न्हयत, बापूनू. आमच्या वयनीचे आसत. तिका इचारूक होया."

"मगे इचारतंय. बाई, कागद माका देशात काय?"

"नाय," मी म्हटलं.

इतकं लहान वाक्य मी त्या शाळेत कधी उच्चारलं नव्हतं. बापू थोडे गोंधळले. मी त्यांना सुचवलं, की निवडणुकीतली त्यांची स्वतःची पत्रकं पुष्कळ उरली असतील. तोंड छापलेलंच आहे, वेगळं चित्र काढायला नको. हे त्यांना एकदम पटलं. गोंद कुठला वापरू, असं सावंत सरांनी विचारलं. मी म्हटलं, पांढरा. सुरकुत्यांचं काय? मी म्हटलं, बापू अजून तरुण आहेत.

बापूंचं ते चित्र सोडवायचं तर आता पाच-सात लोकांना मिळून फळी मोडावी लागेल. पुढच्या अध्यक्षांचा प्रश्न आहे.

पाऊस लागल्यावर मी कव्हरं परत अंकांना बसवायला घेतली. प्रत्येकावर नाव आणि साल असतंच, त्यामुळे घर शोधायला त्रास झाला नाही. पहिल्या दिवशी नेहमीसारखी खळ शिजवली. भांडं समोर घेऊन बसले आणि मला ती लाववेना. खळीने बसवलं तर उद्या कुणीही ओलं धोतर घेऊन येईल आणि मी शिकवल्याप्रमाणेच सगळं काढून नेईल. मी भांडं झाकून ठेवलं, छत्री घेतली आणि दुकानातून पांढऱ्या गोंदाचा डबा घेऊन आले.

सगळे अंक त्याने चिकटवले. निळं कव्हर शेवटी. त्याचे कापलेले दोन गोल मी जपून काढले होते. ते मागून पातळ कागद लावून परत भोकांत बसवले. जवळून पाहिलं तर दिसतात. आता ही कव्हरं कुणाला हवी असतील, तर अंकच फाडावा लागेल.

पुस्तकाला पांढरा गोंद लावायचा नाही, हा श्रीधरचा नियम होता. लावला तर तो रागावत असे. आवाज चढवून नाही, खोलीतून निघून जाऊन, आणि मग दारातून परत डोकावून. कण्यांवर वजन ठेवून मी बराच वेळ दाराकडे तोंड करून बसले होते. गोंद सुकला. रागवायला कुणी आलं नाही.